जुनी अ‍ॅकॉस्टिक गिटार घेताय? वाजवायच्या आधी ती नीट बघून घ्या

जुनी गिटार बघायला गेलात की समोरचा माणूस ती तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, घ्या, वाजवून बघा, आणि आपण लगेच जी कॉर्ड धरतो, खोलीत ती मस्त घुमते आणि झालं, आपलं मन तिथंच ठरून जातं. माझं एवढंच म्हणणं आहे की पहिली दहा मिनिटं ती वाजवू नका, फक्त बघा. एकदा आवाज आवडला ना की मग डोळे नीट काम करत नाहीत, दोष दिसत असून आपण म्हणतो चालतंय.

बघायचं म्हणजे काय बघायचं, तर तारांनी त्या गिटारचं काय केलंय ते. साध्या सहा तारांच्या गिटारला बाराचा लाइट सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची) लावून सुरात लावली की सगळ्या तारा मिळून साधारण ७० ते ७५ किलोची ओढ पडते. पुढची फळी, जिला आपण टॉप म्हणतो, ती असते जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. म्हणजे एका मोठ्या माणसाचं वजन त्या पातळ फळीला आणि नेकला, म्हणजे हातात धरतो त्या लांब दांडीला, धरून रात्रंदिवस ओढत असतं, तुम्ही वाजवा नाहीतर ती कपाटावर पडून राहू दे. वीस वर्षं जुनी गिटार म्हणजे वीस वर्षं ही ओढ खाल्लेलं लाकूड. काही गिटारी ती सहज पेलतात, काही हळूहळू वाकतात, आणि वाकल्याच्या खुणा सगळ्या बाहेरून दिसतात, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

त्याआधी एक गोष्ट, म्हणजे जुनी घ्यायला बिचकणाऱ्यांसाठी. विकायला येणाऱ्या बऱ्याच गिटारी खराब असतात म्हणून येत नाहीत. कोणीतरी हौसेनं घेतलेली असते, तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरची धातूच्या आडव्या पट्ट्यांची फळी, त्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) फार उंच असतात, बोटं दुखतात, एफ कॉर्ड काही केल्या लागत नाही, आणि त्या माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर त्या गिटारचा कधी नीट सेटअपच झालेला नसतो. अशी गिटार तुम्हाला मिळाली, सॅडल, म्हणजे खालच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, थोडं घासून खाली घेतलं, वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा नीट केल्या, की तीच गिटार लोण्यासारखी वाजते. आणि जी वीस-तीस वर्षं ओढ खाऊन अजून सरळ उभी आहे ती पुढंही राहील याची जरा तरी खात्री असते, नव्या कोऱ्या गिटारबद्दल हे कोणी सांगू शकत नाही.

जायच्या आधी विकणाऱ्याकडून फोटो मागवा, पण समोरून काढलेले छान छान फोटो नकोत. एक बाजूनं, बाराव्या फ्रेटच्या पातळीवर फोन धरून, म्हणजे तारा आणि फ्रेट यांच्यातलं अंतर दिसेल. एक ब्रिज (टॉपवर चिकटवलेला, तारा जिथं अडकवतात तो लाकडी तुकडा) आणि सॅडलचा बाजूनं. एक हेडस्टॉकच्या, म्हणजे चाव्या असतात त्या वरच्या टोकाच्या, मागचा, नट जिथं असतो त्याच्या बरोबर पाठीमागचा. आणि एक साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आतला, लेबलसकट. जो माणूस हे चार फोटो कटकट न करता पाठवतो त्याच्याकडं जायला हरकत नाही. आणि त्याला आठवणीनं सांगा की तारा सैल करून ठेवू नका, स्टँडर्ड ट्युनिंगला लावून ठेवा, शक्यतो आदल्या दिवसापासून. सैल तारांच्या गिटारचा नेक सरळच दिसणार, त्यावरून काही कळत नाही.

बरोबर काय न्यायचं: अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी स्टीलची पट्टी, एक ६० सेंटिमीटरची स्टीलची सरळ पट्टी (ही सगळ्यात महत्त्वाची, का ते खाली येईलच), एक पातळ साधा कागद, दाढी करताना वापरतात तसला छोटा आरसा, फोनमधला टॉर्च आणि ट्युनर. बास.

आता गिटार हातात घ्या आणि पहिल्यांदा हेडस्टॉककडून नेकवरून खाली बघा, बंदुकीचा नेम धरल्यासारखं एक डोळा मिटून. नेकच्या दोन्ही कडा बॉडीपर्यंत सरळ जातायत का, की एक बाजू वर आणि एक खाली अशी पिळल्यासारखी दिसतेय. पीळ असेल तर गिटार खाली ठेवा आणि आभार मानून निघा, पिळलेला नेक सरळ करणं हे फार मोठं काम आहे आणि साध्या गिटारवर कोणी ते करत नाही.

पीळ नसेल तर मग वाक बघायचा. जाडी ई तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं दाबा आणि दुसऱ्या हातानं चौदाव्या फ्रेटवर दाबा, म्हणजे ती तारच आपली सरळ पट्टी झाली. आता सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघा. थोडीशी फट हवीच, साधारण पाव मिलिमीटरच्या आत, तार टिचकी मारल्यावर किंचित हलून फ्रेटला टेकते इतपत. अजिबात फट नसेल तर नेक मागं झुकलाय, अर्धा-पाऊण मिलिमीटर दिसत असेल तर पुढं वाकलाय. हे दोन्ही घाबरण्यासारखं नाही, कारण यासाठीच नेकच्या आत ट्रस रॉड असतो, एक लोखंडी सळई, जिचं टोक पानानं फिरवून वाक कमी-जास्त करता येतो. गिब्सन कंपनीनं हा प्रकार १९२० च्या दशकात आणला. मार्टिन कंपनीनं मात्र फिरवता येणारा रॉड बसवायला १९८५ साली सुरुवात केली, म्हणून त्याआधीची मार्टिन बघत असाल तर वाक आहे तसाच मिळणार हे धरून चाला. रॉड फिरतो का हे विचारून खात्री करून घ्या, जमलं तर विकणाऱ्यालाच पाव आटा फिरवून दाखवायला सांगा. तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या गिटारवर जोर लावू नका, आटे गेलेला किंवा अडकलेला रॉड ही मोठी डोकेदुखी असते.

आता अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. छोटी पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरायची आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. जाड ई खाली अडीच मिलिमीटर आणि बारीक ई खाली पावणेदोन ते दोन असेल तर मस्त. तीन-साडेतीन असेल तर बोटांना त्रास होणार, चार असेल तर थांबा आणि सॅडलकडं बघा.

सॅडल म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी पट्टी जिच्यावरून तारा जातात. अ‍ॅक्शन जास्त असेल आणि सॅडलही ब्रिजच्या वर चांगलं तीनेक मिलिमीटर किंवा जास्त दिसत असेल, तर काही काळजी नाही, सॅडल खालून घासलं की अ‍ॅक्शन खाली येते. हिशेब सोपा आहे, बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचं असेल तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं. पण अ‍ॅक्शन जास्त आहे आणि सॅडल आधीच घासून घासून ब्रिजला टेकायला आलंय, वर जेमतेम मिलिमीटरभर दिसतंय, तर समजा की ओढीनं नेकचा कोनच बदललाय आणि आधीच्या मालकानं सॅडल घासून घासून वेळ मारून नेलीये.

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझी दुसरी गिटार मी अशीच घेतली, एका ओळखीच्या ओळखीच्या माणसाकडून. इतका भरीव गोड आवाज की मी पहिल्या तीन फ्रेटवरच्या ओपन कॉर्ड वाजवत बसलो, अर्धा तास, आणि पैसे देऊन घेऊन आलो. दोन दिवसांनी सातव्या फ्रेटवर बार (एका बोटानं सगळ्या तारा दाबणं) धरायला गेलो तर बोट तारेवर नुसतं दाबतच राहिलं. मोजलं तर बाराव्यावर ४ मिलिमीटरला वर. म्हटलं ट्रस रॉड फिरवून घेऊ. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडं नेली, त्यानं रॉडला हातही लावला नाही. एक लांब स्टीलची पट्टी काढली, फ्रेटवर उभी ठेवली आणि हळूच ब्रिजकडं सरकवली, आणि पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्यावर न जाता त्याच्या पुढच्या भिंतीवर जाऊन थांबलं, माथ्यापासून चांगलं २ मिलिमीटर खाली. मग त्यानं सॅडलवर नख ठेवून दाखवलं, घासायला काही उरलंच नव्हतं. नेक काढून परत बसवावा लागेल म्हणाला, आणि त्याचा खर्च मी गिटारला दिलेल्या पैशाच्या निम्म्याहून जास्त होता. ती पट्टी माझ्याकडं त्या दिवशी असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

तर ती परीक्षा अशी. ६० सेंटिमीटरची पट्टी तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधून फ्रेटवर उभी ठेवायची, आडवी नाही, आडवी ठेवली की ती स्वतःच वाकते. दुसऱ्या फ्रेटपासून सुरू केली की दुसरं टोक ब्रिजपर्यंत पोचतं. टोक ब्रिजच्या माथ्याला घासून किंवा किंचित वरून गेलं तर नेकचा कोन चांगला आहे. माथ्यापासून अर्धा-एक मिलिमीटर खाली असेल तर आज चालेल, पण पुढं कधीतरी काम निघणार. त्याहून खाली असेल तर नेक रिसेट, म्हणजे नेक काढून नीट कोनात परत बसवणं, लागणार, आणि हे लक्षात ठेवा की ट्रस रॉडनं हे बरं होत नाही. रॉड नेकचा वाक काढतो, नेक बॉडीला ज्या कोनात बसलाय तो कोन रॉडला बदलता येत नाही. ‘थोडा रॉड फिरवला की अ‍ॅक्शन खाली येईल’ हे वाक्य विकणाऱ्याकडून हमखास ऐकायला मिळतं, बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो, त्यालाच माहीत नसतं.

नेक रिसेट कसा होतो तेही थोडं सांगतो म्हणजे खर्च का येतो ते कळेल. जुन्या पद्धतीच्या गिटारमध्ये नेक बॉडीत खाचेत बसवून सरसानं चिकटवलेला असतो. एक फ्रेट काढायचा, त्याखाली बारीक भोक पाडायचं, आत वाफ सोडून सरस मऊ करायचा, नेक अलगद ओढून काढायचा, त्याची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, नेमकी तासायची आणि परत बसवायचा. दिवसांचं काम आहे आणि हाताचं काम आहे. काही गिटारींचे नेक बोल्टवर असतात, टेलर कंपनीनं १९९९ पासून जो नेक आणला त्यात तर बोल्ट काढून आतली पातळ पट्टी बदलली की कोन बदलतो, तिथं हे काम खूप सोपं आहे. चांगल्या, पूर्ण सॉलिड लाकडाच्या गिटारवर रिसेटचा खर्च वसूल होतो. साध्या शिकाऊ गिटारवर तो होत नाही, तिथं सरळ दुसरी शोधा. बारा तारांची बघत असाल तर ही पट्टीची परीक्षा दोनदा करा, तिच्यावर ओढ १०० किलोच्या वर जाते.

नेकनंतर ब्रिज. तारा ब्रिजला पुढं आणि वर खेचतात, त्यामुळं ब्रिज मागच्या बाजूनं उचलला जातो. तो पातळ कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंच शिरला नाही तर उत्तम. कोपऱ्यात जरासा अडकला तर बहुतेक फक्त पॉलिशची कड असते. कागद चांगला ३-४ मिलिमीटर आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय. परत चिकटवता येतो, मधल्या खर्चाचं काम आहे, पण तोवर तारा सैल ठेवाव्या लागतात, नाहीतर तो लाकडाचे तंतू घेऊन निघतो. ब्रिजला पिनांच्या ओळीत बारीक चीर पडलीये का तेही बघा. आणि कोणी स्क्रू मारून ब्रिज बसवलेला दिसला तर आतून बघायलाच हवं की तो स्क्रू कारखान्यातला आहे की कोणाचा जुगाड.

ब्रिजच्या मागं टॉप थोडा फुगीर दिसतो, त्याला घाबरू नका. बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारींचा टॉप मुळात किंचित बाक देऊनच बनवतात, आणि वर्षानुवर्षं ओढ खाऊन थोडं पोट येतंच. बघायचं हे की ब्रिजच्या मागं मोठा फुगवटा आणि ब्रिज ते साउंडहोल या मधल्या भागात खड्डा, असं दोन्ही एकदम आहे का. तसं असेल तर आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस, सुटलेल्या असू शकतात. आरसा साउंडहोलमधून आत घाला, टॉर्च मारा, आणि टॉपच्या खालच्या त्या इंग्रजी एक्ससारख्या पट्ट्या बघा, कुठं फट दिसतेय का. आरसा नसेल तर फोनचा कॅमेरा आत धरून व्हिडिओ काढा, तारा सैल केल्या तर हात जातो. मग बोटाच्या पेरानं टॉपवर ठिकठिकाणी हलकं टकटक करा. चांगल्या जागी भरीव टक असा आवाज येतो, सुटलेल्या ब्रेसवर फुटक्या मडक्यासारखा किंवा कसलीतरी घरघर आल्यासारखा येतो. एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही.

आता तडे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. फार कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं राहिलेली गिटार आकसते, टॉप चपटा किंवा आत गेलेला दिसतो, तारा खाली येऊन फ्रेटला लागतात, आणि फ्रेटबोर्ड आकसल्यामुळं फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येतात. नेकच्या कडेवरून हात फिरवा, करवतीसारखं टोचलं तर ती गिटार कोरडी पडलीये. फार ओल्या जागेतली उलट फुगते, अ‍ॅक्शन वर जाते, आणि साउंडहोलला नाक लावलं की बुरशीचा वास येतो. वास घ्यायला लाजू नका. कोरडी किंवा फुगलेली गिटार चांगल्या आर्द्रतेत काही आठवडे ठेवली की बरीचशी जागेवर येते, पण तडा पडला असेल तर तो आपोआप भरत नाही.

तडा खरा की नुसता पॉलिशचा, हे ओळखायचं तर टॉर्च तिरका धरा. पॉलिशच्या रेषा बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, लाकडाच्या रेषांना आडव्याही जातात, त्या दिसायला वाईट पण निरुपद्रवी असतात. लाकडाचा तडा टॉपवर बहुतेक वेळा रेषांच्या दिशेनंच जातो, नखाला लागतो, आणि दोन्ही बाजूंना अंगठ्यानं अगदी हलकं दाबलं की एक बाजू हलते. ब्रिजच्या मागं, पिकगार्डच्या कडेला आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही बाजूंना साउंडहोलपर्यंत, या तीन जागा नीट बघा. तडा आहे पण आतून छोट्या लाकडी चकत्या लावून नीट दुरुस्त केलाय, तर मला काहीच अडचण वाटत नाही, किंमत तेवढी कमी व्हायला हवी.

एक जागा मात्र कोणी सांगत नाही म्हणून बघायची राहून जाते, ती म्हणजे हेडस्टॉकच्या मागं, नटच्या बरोबर पाठीमागं. गिटार स्टँडवरून तोंडावर पडली की तिथंच मोडते, कारण नेक तिथं सगळ्यात बारीक असतो आणि हेडस्टॉक मागं कलल्यामुळं लाकडाच्या रेषा तिरप्या कापल्या जातात. उजेडात तिरकं धरून बघा, एखादी केसासारखी रेघ, रंगात फरक, किंवा अंगठा फिरवताना जाणवणारा उंचवटा. छान चिकटवलेला मोडका हेडस्टॉक वर्षानुवर्षं टिकतो, पण अशी गिटार पुढं विकताना किंमत बरीच पडते, तर घेतानाही पडायलाच पाहिजे. आणि तो डाग रंगानं झाकलेला असेल, विकणाऱ्यानं सांगितलेला नसेल, तर बाकी काय झाकलंय याचा विचार करा.

इतकं झालं की आता वाजवा. पण अजून गाणं नाही. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एक एक सूर, खालून वर. पाच मिनिटं लागतात. कुठं झणझण होतेय ते ऐका, जागेवरून कारण कळतं. फक्त मोकळी तार झणझणते आणि फ्रेट दाबला की बंद, तर नटची खाच खोल झालीये, स्वस्तात होतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण तर नेक मागं झुकलेला असू शकतो, रॉडचं काम. एकाच फ्रेटवर सगळ्या तारा झणझणतात तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललाय. आणि चौदाव्याच्या पुढं झणझणतंय तर नेक जिथं बॉडीला मिळतो तिथं फ्रेटबोर्डला उंचवटा आलाय, हे जरा कटकटीचं. फ्रेटवर तारांनी पाडलेले खड्डे बघा, पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली सगळ्यात जास्त असतात. उथळ असतील तर घासून सपाट करता येतात, पण फ्रेट आधीच चपटे झाले असतील तर नवे बसवावे लागतील.

नटच्या खाचा उंच आहेत का हे बघायची सोपी युक्ती: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. केसाएवढी हवी. मोठी फट असेल तर एफ कॉर्ड का लागत नव्हती त्याचं उत्तर मिळालं.

सूर बघायला बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडलेला सूर) वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा, ट्युनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. ५ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आत फरक असेल तर कान तक्रार करत नाही. जास्त असेल तरी लगेच नाही म्हणू नका, गंजलेल्या जुन्या तारा सूर बिघडवतात आणि जास्त अ‍ॅक्शनही बिघडवते. पण सगळ्याच तारा एकाच दिशेला भरपूर चुकत असतील तर ब्रिज कधीतरी चुकीच्या जागी चिकटवला गेला असण्याची शक्यता आहे, अशी गिटार मी घेणार नाही.

सॉलिड टॉप की प्लायवूड, हे साउंडहोलच्या कडेवर कळतं. कडेला टॉर्च मारा, वरच्या लाकडाच्या रेषा वळून कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर एकसंध लाकूड. थर दिसले, मधला थर वेगळ्या दिशेचा, तर लॅमिनेट. कड रंगवलेली असेल तर मात्र कळत नाही, तेव्हा मॉडेल नंबरवरून शोधा. सॉलिड टॉपचा आवाज वाजवत राहिल्यानं आणखी खुलतो असं बहुतेक वाजवणारे सांगतात आणि माझाही अनुभव तोच आहे. पण लॅमिनेटला कमी समजू नका, हवा बदलली तरी ती सहसा तडकत नाही, सतत प्रवासात न्यायची असेल किंवा लहान मुलाला शिकायला द्यायची असेल तर मी तीच घेईन.

ट्युनिंगच्या चाव्या सैल असतील, एखादी फिरत नसेल, तर त्यावरून गिटार नाकारू नका, त्या बदलायला सोप्या. पिकअप (आवाज अ‍ॅम्पला पोचवणारं उपकरण) असेल तर स्वतःची केबल नेऊन अ‍ॅम्पला लावून बघा, सगळ्या तारा सारख्या ऐकू येतायत का, जॅक हलवला की खरखर होते का, आणि बॅटरीच्या कप्प्यात गळलेल्या बॅटरीचा पांढरा-हिरवा थर तर नाही ना. बॉडीच्या बाजूला कापून बसवलेला प्रीअ‍ॅम्प (आवाज-टोनची बटणं असलेला डबा) बंद असेल तर त्याच आकाराचा दुसरा मिळणं अवघड जातं.

क्लासिकल म्हणजे नायलॉनच्या तारांची गिटार बघत असाल तर एक प्रश्न नक्की विचारा, हिला कधी स्टीलच्या तारा लावल्या होत्या का. नायलॉनची ओढ स्टीलच्या जवळपास निम्मी असते आणि ती गिटार तेवढ्यासाठीच हलकी बनवलेली असते. कोणी स्टीलच्या लावल्या की ब्रिज सुटतो, टॉप फुगतो, आणि यातल्या बऱ्याच गिटारींना ट्रस रॉडही नसतो. तिचा नट साधारण ५२ मिलिमीटर रुंद, स्टीलवाल्यांचा ४३-४४, त्यामुळं हातालाही दोन्ही आधी लावून बघा.

मोठ्या नावाची गिटार फारच स्वस्तात मिळत असेल तर सिरियल नंबर तपासा. मार्टिनमध्ये तो आत नेक ब्लॉकवर ठोकलेला असतो, साउंडहोलमधून दिसतो, आणि कंपनीच्या याद्यांवरून साल काढता येतं. लोगो, हेडस्टॉकचा आकार, आतली कारागिरी, सगळं त्या सालाच्या खऱ्या गिटारच्या फोटोशी ताडून बघा, नकली खूप फिरतात. आणि परदेशातून मागवायचा विचार असेल तर ब्राझिलियन रोझवुडच्या गिटारीपासून जपा, त्या लाकडावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत, योग्य कागद नसतील तर ती सीमेवर अडकते.

आणि मग शेवटी आवाज. हलकं वाजवा, मग जोरात, जोरात वाजवल्यावर आवाज चेपल्यासारखा होतो का की मोठा होत जातो. एक सूर छेडून सोडून द्या, किती वेळ राहतो ऐका. विकणाऱ्याला किंवा बरोबरच्या मित्राला वाजवायला सांगून तुम्ही समोर उभे राहा, मांडीवर घेऊन ऐकतो त्यापेक्षा तो आवाज बराच वेगळा असतो. तारा मेलेल्या असतील तर आवाज बसका येणार, तो दोष गिटारचा धरू नका.

किमतीचं बोलताना दोष काढून समोरच्याला कमीपणा आणू नका, त्याची ती लाडकी असू शकते. कागद किंवा पट्टी लावून त्याला दाखवा, हे बघा, एवढं काम आहे, याला एवढा खर्च येईल, तो मी धरून सांगतो. आधी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याकडून सॅडल, नट, फ्रेट घासणं, नवे फ्रेट, ब्रिज चिकटवणं, नेक रिसेट यांचे आकडे विचारून ठेवले असतील तर बोलणं पाच मिनिटांत संपतं. तुमची किंमत अधिक दुरुस्ती ही तशाच, पण चांगल्या अवस्थेतल्या जुन्या गिटारच्या भावाच्या वर गेली तर घेऊ नका.

न बघता मागवत असाल तर परत करायची सोय आधी पक्की करा. तारा पूर्ण सैल सोडायच्या नाहीत, एखाद-दोन सूर खाली घ्यायच्या, हेडस्टॉकखाली आणि नेकखाली भरपूर आधार द्यायचा, हे विकणाऱ्याला लिहून कळवा. पार्सल आलं की लगेच उघडू नका, विशेषतः बाहेर थंडी असेल तर, बंद केसमध्येच काही तास खोलीच्या हवेला येऊ दे.

घरी आणल्यावर नव्या तारा लावा, एक दिवस सुरात राहू दे, आणि मग परत एकदा मोजा: सातव्या फ्रेटची फट, बाराव्यावरची अ‍ॅक्शन दोन्ही ई खाली, आणि सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतंय ते. हे चार आकडे तारखेसकट एका चिठ्ठीवर लिहून केसमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी, हवा बदलल्यावर, परत मोजून त्याच चिठ्ठीवर खाली लिहा. आकडे तेच राहिले तर गिटार स्थिर आहे, आणि दर खेपेला अ‍ॅक्शन वरच चाललीये असं दिसलं तर लांब पट्टी परत बाहेर काढा.